कर्ता कोण? : 'मुक्त' आणि 'खुल्या' सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे वाचन

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नावातला 'मुक्त' हा शब्द इंग्रजी 'ओपन'साठी आला आहे. मराठी विकिपीडिया स्वतःला 'मुक्त ज्ञानकोश' म्हणवतो; तिथला 'मुक्त' मात्र 'फ्री'साठी आहे. एकाच मराठी शब्दावर आपण दोन इंग्रजी शब्दांची कामे सोपवली आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्याने काही अडत नाही. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र अडते. तिथे 'फ्री सॉफ्टवेअर' आणि 'ओपन सोर्स' ही दोन वेगळ्या विचारांची नावे आहेत आणि त्यांच्यातला वाद पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे. मराठीत आपण पहिल्याला 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणतो आणि दुसऱ्याला 'मुक्त स्रोत'. असा काही वाद आहे याचा पत्ताच मराठी वाचकाला लागू नये, अशी जणू ही व्यवस्था आहे.

हा वाद तंत्रज्ञांचा किंवा वकिलांचा समजला जातो. मी दोहोंपैकी कोणीच नाही. जुन्या नियतकालिकांच्या सूची करता करता संगणकाशी गाठ पडली आणि अडेल तसे शिकत गेलो. पण परवाना हाही अखेर एक मजकूरच असतो. वाक्यात कोण बोलतो, कोणाशी बोलतो, काय गृहीत धरतो, हे साहित्याचा वाचक ज्या रीतीने पाहतो त्याच रीतीने परवानाही वाचता येतो. दोन्ही बाजूंचे मूळ मजकूर तसे वाचून पाहिल्यावर माझे जे मत झाले ते असे : दोन्ही बाजूंना मान्य असलेले परवाने जवळजवळ तेच आहेत. फरक आहे तो वाक्याचा कर्ता कोण, यात. आणि हा फरक वाटतो तितका व्याकरणापुरता नाही.

१

आधी थोडी पूर्वपीठिका. प्रोग्रॅमर जे लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो. यंत्र चालवते ते त्याचे आकड्यांत केलेले रूपांतर. ते सहसा वाचता येत नाही. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाच्या हाती हे दुसरे रूपच पडते.

१९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक लेसर प्रिंटर भेट मिळाला. त्यात कागद वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथल्या मंडळींनी एक सोय करून घेतली होती : कागद अडकला की वाट पाहत असलेल्यांच्या पडद्यावर सूचना येई. नव्या प्रिंटरबरोबर सोर्स कोड आलाच नव्हता, त्यामुळे ही सोय त्यात करता येईना. रिचर्ड स्टॉलमन हे तिथले प्रोग्रॅमर. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो कोड आहे असे कळल्यावर ते त्याच्याकडे गेले. त्याने नकार दिला. गुप्ततेच्या करारावर त्याने सही केली होती. स्टॉलमन यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. एका माणसाने आधीच दिलेल्या वचनामुळे दुसऱ्याला साधी मदत करता येत नाही, ही गोष्ट त्यांना तांत्रिक अडचण वाटली नाही. ती त्यांना नैतिक अडचण वाटली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८६ मध्ये 'फ्री सॉफ्टवेअर'ची व्याख्या प्रसिद्ध झाली. आज ती चार स्वातंत्र्यांच्या रूपात सांगितली जाते : सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूसाठी चालवण्याचे, त्याचा अभ्यास करून ते बदलण्याचे, प्रती इतरांना देण्याचे, आणि बदललेल्या प्रतीही देण्याचे. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. 'चालवण्याचे स्वातंत्र्य' यादीत मागाहून आले. पण ते बाकीच्या तिन्हींच्या आधीचे, म्हणून त्याला शून्य क्रमांक मिळाला.

या विचाराचा कायदेशीर अवतार म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल. पहिली आवृत्ती १९८९ची, दुसरी १९९१ची, तिसरी २००७ची. तिची युक्ती साधी आहे. कॉपीराइटचा कायदा लेखकाला आपल्या कृतीवर अटी घालू देतो. स्टॉलमन यांनी त्याच अधिकाराचा वापर करून अट घातली, ती अशी की, घ्या, बदला, वाटा, विकाही; पण पुढे देताना घेणाऱ्याला हेच सगळे अधिकार आणि सोर्स कोड दिला पाहिजे. याला त्यांच्या गोटात 'कॉपीलेफ्ट' म्हणतात. याउलट एमआयटी किंवा बर्कली विद्यापीठाच्या नावाने ओळखले जाणारे परवाने मोकळे आहेत. मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर तेवढा राखा, पुढे आपले सॉफ्टवेअर बंद ठेवले तरी हरकत नाही.

२

१९९८च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. तोवर लिनस टॉरवाल्ड्स यांचे लिनक्स चांगलेच पसरले होते आणि आदल्याच वर्षी एरिक रेमंड यांनी 'कथीड्रल आणि बाजार' या निबंधात त्यामागच्या कार्यपद्धतीची मांडणी केली होती. नेटस्केपच्या घोषणेनंतर ३ फेब्रुवारी १९९८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये काही मंडळी जमली. 'फ्री' म्हटले की लोकांना फुकट वाटते आणि कंपन्या बिचकतात, अशी त्यांची तक्रार होती. क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला. त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली.

नव्या नावाला व्याख्या हवी होती. ती कुठून आली हे पाहण्यासारखे आहे. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने १९९७ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे ठरवली होती. तिचे मुख्य लेखक ब्रूस पेरेन्स. त्या दस्तऐवजातले डेबियनचे उल्लेख काढून टाकले आणि त्याचीच 'ओपन सोर्स व्याख्या' झाली. मूळ दस्तऐवजाचे नाव होते 'डेबियन फ्री सॉफ्टवेअर गाइडलाइन्स'. म्हणजे संहिता जवळपास तीच राहिली, मथळ्यातला शब्द तेवढा बदलला. जुन्या पोथ्यांचे पाठभेद पाहणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. सुरुवातीच्या काळात संस्थेने स्वतःचे वर्णन फ्री सॉफ्टवेअरच्या प्रचाराची, विक्रीच्या बाजूची मोहीम असेच केले होते. माल तोच, वेष्टन वेगळे.

ही भूमिका त्या व्याख्येच्या कर्त्यालाच फार दिवस पटली नाही. एका वर्षाच्या आत, १९९९च्या फेब्रुवारीत, पेरेन्स यांनी आता पुन्हा 'फ्री सॉफ्टवेअर'बद्दल बोलायची वेळ आली आहे असे जाहीरपणे लिहिले.

इथे मराठीच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या अडचणीतून 'ओपन सोर्स' जन्माला आले ती अडचण इंग्रजीची आहे. 'फ्री' या एका शब्दात फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ आहेत. स्टॉलमन यांना चाळीस वर्षे प्रत्येक भाषणात हा खुलासा करावा लागला. मराठीत फुकट वेगळे, मोफत वेगळे, मुक्त वेगळे आणि स्वतंत्र वेगळे. आपल्याला नवा शब्द शोधण्याचे कारणच नव्हते. तरीही इंग्रजीने काढलेला तोडगा आपण उचलला आणि त्याचे भाषांतर करताना 'मुक्त' हाच शब्द पुन्हा वापरला. आपल्याकडे नसलेल्या रोगावर आपण औषध घेतले आणि त्यात धडधाकट शब्दाचा अर्थ पातळ झाला.

३

आता दोन व्याख्या शेजारी ठेवून वाचू.

'फ्री सॉफ्टवेअर'च्या व्याख्येत वापरणारा माणूस वाक्याच्या मध्यभागी आहे. स्वातंत्र्य कोणाचे, तर त्याचे. चालवणारा तो, अभ्यास करणारा तो, बदलणारा तो, शेजाऱ्याला देणारा तो. जीपीएलची प्रस्तावनाही थेट द्वितीय पुरुषात बोलते. बहुतेक परवाने तुमचे वाटण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य काढून घेण्यासाठी असतात, हा परवाना त्याच्या उलट आहे, असे ती सुरुवातीलाच सांगते. कायद्याच्या मजकुरात इतका ठाम, काहीसा प्रवचनी सूर क्वचित आढळतो. तो सगळ्यांना आवडतो असे नाही. पण ऐकणारा कोण आहे याविषयी तो शंका ठेवत नाही.

ओपन सोर्सच्या व्याख्येत दहा कलमे आहेत. त्यांतल्या वाक्यांचे कर्ते पाहावेत. परवान्याने अमुक रोखता कामा नये. प्रोग्रॅमसोबत सोर्स कोड असला पाहिजे. परवान्याने सुधारित कृतींना मुभा दिली पाहिजे. परवान्याने कोणत्याही व्यक्तीविरुद्ध किंवा कार्यक्षेत्राविरुद्ध भेदभाव करू नये. कर्त्याच्या जागी परवाना आहे, प्रोग्रॅम आहे, प्रोग्रॅमला जोडलेले हक्क आहेत. व्यक्ती येते ती भेदभावाच्या कलमात आणि तिथेही जिच्या बाबतीत काही होऊ नये अशी, म्हणजे कर्माच्या जागी.

यावर कोणी म्हणेल की परवाने तपासण्यासाठी केलेल्या कसोटीत परवानाच कर्ता असणार. आक्षेप रास्त आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. एका बाजूने माणसाची स्थिती तपासायची ठरवली, दुसऱ्या बाजूने कागदाची. बहुतेक वेळा उत्तर एकच येते, कारण चांगला कागद माणसाला चांगल्या स्थितीत ठेवतो. म्हणूनच दोन्ही संस्थांच्या मान्य परवान्यांच्या याद्या एवढ्या जुळतात. मतभेद आहेत ते काठावरचे. नासाच्या परवान्याची १.३ ही आवृत्ती ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केली, पण फाउंडेशनने नाकारली. कारण त्यात केलेला बदल हा बदल करणाऱ्याची स्वतःची मूळ निर्मिती असावी अशी अट आहे, आणि दुसऱ्याचा मुक्त कोड आणून जोडणे हे तर या व्यवहाराचे रोजचे काम. असली उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खरा फरक कळतो तो कागद चोख असून माणूस अडकलेला असतो तेव्हा.

४

अशी दोन प्रकरणे प्रसिद्ध आहेत.

पहिले टिवोचे. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवणारे हे अमेरिकी यंत्र लिनक्सवर चालत असे. लिनक्सचा गाभा जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणून कंपनीने अटीप्रमाणे सोर्स कोड प्रसिद्ध केला. पण यंत्रात अशी योजना होती की कंपनीची डिजिटल सही नसलेले सॉफ्टवेअर ते चालवतच नसे. कोड मिळाला, वाचता आला, बदलताही आला. बदललेला कोड स्वतःच्या यंत्रावर चालवता मात्र येईना. परवान्याचे शब्द पाळले गेले होते. ओपन सोर्सच्या व्याख्येनुसार तक्रारीला जागा नव्हती. माणसाकडून पाहिले तर बदलण्याचे स्वातंत्र्य कागदावरच उरले होते. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत याच कारणाने ग्राहकोपयोगी यंत्रांसाठी नवी अट आली : बदललेले सॉफ्टवेअर बसवण्यासाठी लागणारी माहितीही द्या. टॉरवाल्ड्स यांना ही अट मान्य नव्हती. यंत्र कसे बनवावे हा यंत्र बनवणाऱ्याचा प्रश्न, मला कोड परत मिळाला की पुरे, अशी त्यांची भूमिका. लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्या आवृत्तीखालीच आहे. दोघांच्या बोलण्यात विसंगती नाही. टॉरवाल्ड्स यांच्या वाक्याचा कर्ता प्रोग्रॅमर आहे, स्टॉलमन यांच्या वाक्याचा कर्ता यंत्राचा मालक.

दुसरे प्रकरण मिनिक्सचे. अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी लिहिलेल्या या प्रणालीची तिसरी आवृत्ती बर्कली पद्धतीच्या मोकळ्या परवान्याखाली आहे. इंटेलने ती आपल्या प्रोसेसरसोबतच्या 'मॅनेजमेंट इंजिन' या अंतर्गत भागात वापरली, हे २०१७ मध्ये उजेडात आले. हा भाग संगणकाच्या मुख्य प्रणालीच्याही खाली चालतो आणि संगणकाच्या मालकाला त्यात बदल करता येत नाही. टॅनेनबाम यांनी इंटेलला खुले पत्र लिहिले. कळवले असते तर सौजन्य झाले असते, पण परवान्यानुसार तशी गरज नव्हती, असे त्यांनी म्हटले. बर्कली परवाना वापरणाऱ्याला जास्तीत जास्त स्वातंत्र्य देतो, हे आपले मत यातून पक्केच झाले असेही लिहिले. त्यांच्या वाक्यातला 'वापरणारा' म्हणजे इंटेल. ज्याच्या टेबलावर तो संगणक आहे तो माणूस त्या वाक्यात नाहीच. गंमत म्हणजे, मिनिक्सचा हा परवाना फाउंडेशनच्या यादीतही मुक्तच आहे. म्हणून प्रत्येक परवान्याला विचारावे लागते : स्वातंत्र्य पहिल्या घेणाऱ्यापाशी थांबते की शेवटच्या माणसापर्यंत पोचते?

५

खुल्या बाजूचे श्रेय नाकारून चालणार नाही. आज जगातल्या सर्व्हरांचा मोठा भाग लिनक्सवर चालतो आणि मोठमोठ्या कंपन्या एकमेकींच्या कोडवर काम करतात, यात १९९८च्या त्या व्यवहारी भाषेचा वाटा आहे. नैतिकतेचे व्याख्यान ऐकून कंपनीचे संचालक मंडळ पैसे काढत नाही; चुका लवकर सापडतात, खर्च वाटला जातो, असे सांगितले की काढते.

पण जे सोय म्हणून स्वीकारले ते गैरसोय होताच सोडले जाते. इलॅस्टिक या कंपनीने २०२१ मध्ये आपल्या शोधप्रणालीचा मोकळा अपाचे परवाना टाकून बंधने असलेले परवाने आणले. तिचे सॉफ्टवेअर घेऊन बड्या क्लाउड कंपन्या धंदा करतात, ही तिची तक्रार. ॲमेझॉनने जुन्या आवृत्तीवरून 'ओपनसर्च' ही वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये इलॅस्टिकने कॉपीलेफ्ट घराण्यातला एजीपीएल हा परवाना पर्याय म्हणून देऊ केला. दिलेली जुनी आवृत्ती परत घेता येत नाही, एवढे बळ परवान्यात होते. पुढे काय द्यायचे हा मात्र कंपनीचा हिशेब होता.

आणि ज्या संदिग्धतेला कंटाळून 'फ्री' टाकला, ती आता 'ओपन'ला चिकटली आहे. मेटा कंपनी आपल्या लामा या भाषिक प्रारूपांना 'ओपन सोर्स' म्हणत आली. त्यांच्या परवान्यात वापरावर निर्बंध आहेत आणि महिन्याला सत्तर कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी वेगळी परवानगी घ्यायची आहे. हे ओपन सोर्स नव्हे, असे सांगण्याची पाळी ओपन सोर्स इनिशिएटिव्हवर आली. कंपन्यांना आवडावा म्हणून निवडलेला शब्द कंपन्यांना फारच आवडला.

मुक्त बाजूचीही मर्यादा सांगितली पाहिजे. चार स्वातंत्र्ये हातातल्या प्रतीबद्दल बोलतात. आज आपण वापरतो ते पुष्कळसे सॉफ्टवेअर आपल्या हातात नसतेच, ते दुसऱ्याच्या संगणकावर चालते. एजीपीएलने, म्हणजे २००७च्या त्या जोड-परवान्याने, ही फट थोडी बुजवली : बदललेले सॉफ्टवेअर जाळ्यावरून वापरायला दिले तरी सोर्स कोड द्यावा लागतो. पण तो कोड वाचून दूरच्या यंत्रावर काय चालले आहे ते बदलता येत नाही. स्टॉलमन यांच्या व्याख्येतला कर्ता यंत्राचा मालक होता. यंत्रच दुसऱ्याचे झाल्यावर त्या कर्त्याचे पाय अधांतरी राहतात.

६

हे सारे दूरचे वाटू नये म्हणून एक घरचा अनुभव सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एका बंद पडलेल्या मासिकाची लेखसूची टंकित करून ठेवली. त्या वेळचे मराठी जुळणीचे सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतले होते. ते चालायला संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खोबणीत एक डोंगल लावावे लागे. पुढे संगणक बदलला, नव्या संगणकाला ती खोबणीच नव्हती. सॉफ्टवेअर माझे, पावती माझी, मजकूर माझा. पण ते चालवता येईना. शून्य क्रमांकाचे स्वातंत्र्य म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. फाइली दुसरीकडे उघडल्या तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. कोणत्या चिन्हामागे कोणते मराठी अक्षर, याचा तक्ता विकणाऱ्याकडे होता आणि तो द्यायला तो बांधलेला नव्हता. शेवटी छापील प्रत समोर ठेवून मी स्वतः तक्ता तयार केला. त्यात एक पावसाळा गेला. मराठीतल्या कितीतरी प्रकाशकांची आणि छापखान्यांची कपाटे अशा फाइलींनी भरलेली आहेत, हे या क्षेत्रातल्या कोणालाही सांगायला नको.

युनिकोडमुळे ती अडचण बरीच सुटली. आज मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा देवनागरी टंक एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली मिळतो. नावात 'मुक्त', परवान्यात 'ओपन'. हा परवाना दोन्ही संस्थांना मान्य आहे. तो टंक वापरता येतो, उघडून पाहता येतो, एखादे जोडाक्षर रुचले नाही तर बदलता येतो, बदललेला वाटताही येतो. फक्त तो नुसता, एकटा विकायचा नाही, आणि कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्याला दुसरे नाव द्यायचे. माझ्या त्या सूचीतले एकही अक्षर आता कोणाच्या डोंगलवर अवलंबून नाही.

सरकारी भाषेकडेही पाहावे. भारत सरकारच्या २०१५च्या धोरणाच्या नावात 'ओपन सोर्स' आहे. पण त्यात सांगितलेले लक्षण वाचले तर समाजाला, स्वीकारणाऱ्या संस्थेला आणि अंतिम वापरकर्त्याला अभ्यासाची, बदलाची आणि पुनर्वितरणाची मुभा असावी, असे म्हटले आहे. नाव खुले, आशय मुक्त. केरळात मलयाळमच्या संगणकीय साधनांवर काम करणाऱ्या मंडळींनी आपल्या गटाचे नाव 'स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग' असे ठेवले. ज्या शब्दाबद्दल इंग्रजीत खुलासा करावा लागतो तो त्यांनी सरळ आपल्या शब्दात सांगून टाकला.

मराठीतही हे करता येण्यासारखे आहे. 'ओपन सोर्स'ला 'खुला स्रोत' म्हणावे आणि 'मुक्त' हा शब्द माणसाच्या स्वातंत्र्यासाठी राखावा. दोन्ही लागू असतील तिथे दोन्ही म्हणावेत. बहुतेक ठिकाणी ते लागू असतीलच. शब्द वेगळे ठेवल्याने परवाने बदलणार नाहीत. पण एखादी संस्था, खाते किंवा विद्यापीठ आपल्या भाषेसाठी काही 'मुक्त' करत असल्याचे सांगेल तेव्हा वाचकाला विचारता येईल की, काय मुक्त झाले : कोड, की तो वापरणारा माणूस? कोश, टंक, कळफलक, वाचनयंत्रे आणि आता भाषिक प्रारूपे, मराठीचा उद्याचा व्यवहार यांतूनच होणार आहे. त्या प्रत्येकाबरोबर एक परवाना येतो, आणि आपण तो न वाचता 'मान्य'वर बोट ठेवतो. निदान एक वाक्य तरी वाचावे, आणि त्यातला कर्ता शोधावा.